आतलं कोपर

अल्बमचं कव्हर करायचं ठरलं की कंपनीचा माणूस पहिलं वाक्य एकच बोलतो. "यात भावना दिसली पाहिजे." कोणती, ते त्याला विचारायचं नसतं. विचारलं तर तो हवेत हात गोल फिरवतो आणि म्हणतो, "अहो, भावना हो!" या धंद्यात माझे केस पांढरे झाले, पण त्या गोलाचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

म्हणून मी माझ्यापुरते नियम करून ठेवलेत. रिकाम्या खुर्चीला माझ्याकडे बंदी आहे. ओल्या काचेला, वाळक्या फुलाला आणि समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या पाठमोऱ्या बाईलाही. दुसरा नियम असा की कव्हर आधी नखाएवढं करून बघायचं. लोक आता गाणी फोनवर ऐकतात आणि तिथं माझं चार आठवड्यांचं काम नखाएवढंच दिसतं. नखाएवढं असताना जे कळतं तेच खरं, बाकीचे माझे लाड.

फोटो काढतात माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि कामावरून आमचं रोज वाजतं. माझ्या नवऱ्यानं मध्ये पडणं केव्हाच सोडून दिलंय. भाऊजींचाही एक नियम आहे. फोटो आरशातल्यासारखा उलटा करायचा नाही. जागा जुळत नसली की आम्ही डिझाइनवाले सर्रास तसं करतो. एक बटण दाबलं की डावीकडचा माणूस उजवीकडे जातो. भाऊजींना ते खपत नाही. "माणसाला बाजू असतात, वहिनी. तो काय पापड आहे?" असं म्हणतात.

तर त्या दिवशी कंपनीच्या माणसाबरोबर थोरली आली.

थोरली आणि धाकटी या दोन सख्ख्या बहिणी. लोक त्यांना याच नावांनी ओळखतात, कव्हरवरही तेच छापलं जायचं. दोघी लहानपणापासून एका माइकपुढे उभ्या राहून गायच्या. मग काही वर्षांपूर्वी एका मुलाखतीत थोरलीला कुणीतरी विचारलं की धाकटी नसती तर तुमचं कसं झालं असतं? ती म्हणाली, "गाणं मीच गाते हो, ती सोबतीला असते." हसत म्हणाली असेल. पण छापताना हसू छापत नाहीत. धाकटीनं ते वाचलं आणि त्यानंतर ती थोरलीच्या शेजारी उभी राहिली नाही. बोलणंही बंद केलं. एवढं सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही होतं. मी त्यावर फार विचार केलेला नव्हता. गाणाऱ्यांची भांडणं माझ्या कामात येत नाहीत.

कंपनीच्या माणसानं हात गोल फिरवून घेतला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. थोरली लगेच पुढे सरकून बसली. साठीच्या आसपासची, ताठ कण्याची बाई. डाव्या भुवईत एक जुनी खूण, तिथं केस उगवत नसल्यामुळे भुवई दोन तुकड्यांत असल्यासारखी दिसते.

"त्यांना काय हवंय ते त्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "आता मला काय हवंय ते सांगते. गाणी लोकांसाठी आहेत. कव्हर माझ्या बहिणीसाठी आहे."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"ती माझं गाणं ऐकणार नाही. लावलंच कुणी तर उठून जाईल, मी ओळखते तिला. पण चित्र काय, येता-जाता डोळ्यांवर पडतं. दुकानात, बस स्टॉपवर, कुणाच्या तरी फोनवर. मला तिची माफी मागायचीय आणि तिनं मला फोन करायला हवाय. बास."

"तुम्हीच फोन करा की."

"केले. माझा आवाज ऐकला की ती ठेवते."

असं गिऱ्हाईक मला आवडतं. भावना कोणती, कुणाला, कशासाठी, सगळं एका दमात सांगून मोकळं. मी म्हटलं, बघते. मनात म्हटलं, माफीचा फोटो कसा काढतात ते आता शोधावं लागणार.

भाऊजींचा स्टुडिओ आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. पांढरी भिंत, लाकडी फरशी आणि कुरकुर करणारा एक पंखा. ते सुरुवातीला कॅमेऱ्यात काहीच टिपत नाहीत, नुसते फ्लॅशचे दिवे उडवत राहतात. माणूस घरून ठरवून आणलेले चेहरे एकेक करून दाखवतो, ते सगळे या खोट्या उजेडात खर्च होतात. चेहरे संपले की मग भाऊजी खरं काम सुरू करतात. हे मी कुणाला सांगत नाही, पण ही युक्ती अफलातून आहे.

थोरलीनं बरेच चेहरे आणले होते. खाली पाहिलं, वर पाहिलं, डोळे मिटले. एकदा तर हात जोडले. भाऊजी हळूच माझ्या कानात म्हणाले, "नापास झालेल्या मुलीसारखी दिसतेय." मी त्यांना डोळ्यांनी दटावलं, पण म्हणत होते ते खरं होतं.

मग चेहरे संपले. थोरली नुसती उभी राहिली, आणि त्यातच एक वेगळीच अडचण सुरू झाली. बाई मध्यावर उभी राहीना. भाऊजी म्हणायचे, "जरा मध्ये या." ती यायची. दिवा उडायचा, आणि बघावं तर ती पुन्हा आमच्या डाव्या हाताला सरकलेली. भाऊजींनी शेवटी फरशीवर लाल पट्टी चिकटवली. "या पट्टीवर पाय ठेवा आणि हलू नका." तिनं पाय ठेवले. दोन फोटो होईपर्यंत पाय पट्टी सोडून पलीकडे. तिला पत्ताच नाही. उलट आमच्यावरच चिडली, "मी कुठे हलतेय?"

भाऊजींच्या नाकी नऊ आले. "आणि ते कोपर, वहिनी," ते पुटपुटले, "ते खाली घ्यायला सांगा ना." खरंच, मोकळ्या बाजूचं तिचं कोपर अंगापासून थोडं सुटलेलं होतं. दुसरा हात सरळ खाली आणि हे कोपर मात्र जरासं बाहेर. सांगितलं की खाली जायचं, विसरली की पुन्हा बाहेर.

मी मात्र कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर पाहत होते आणि मला एकाएकी दिसलं. चौकोनाच्या डाव्या अर्ध्यात करड्या स्वेटरमधली बाई, उजवा अर्धा कोरा. ती बाई एकटी नव्हतीच. ती दुसऱ्या कुणाची तरी जागा सोडून उभी होती. इतकी वर्षं जशी उभी राहिली तशीच.

"भाऊजी, पट्टी काढा," मी म्हटलं. "सरकू दे त्यांना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि पहिल्यांदाच वाद न घालता पट्टी काढली. त्यानंतरचा तिसरा की चौथा फोटो आम्ही कव्हरसाठी निवडला. त्या कोपराचं काय करावं ते मला कळलं नाही. ठेवलं तसंच.

पुढचा घोळ मी एकटीनं घातला.

कंपनीच्या प्रत्येक कव्हरच्या डाव्या कडेला एक उभी निळी पट्टी असते. तिच्यावर कंपनीचं नाव. ती हलत नाही, बारीक होत नाही, फिकी होत नाही. यावर मी पूर्वी भांडून हात टेकलेत. थोरली डावीकडे उभी, त्यामुळे ती पट्टी बरोबर तिच्या बाहेरच्या हातावरून जायला लागली. हात कोपरातून कापला गेला. बाई दारात अडकल्यासारखी दिसायला लागली. मी मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं. मग एक बटण दाबलं.

थोरली उजवीकडे गेली. कोरी जागा डावीकडे आली आणि निळी पट्टी त्या कोऱ्या जागेत सुखानं बसली. नखाएवढं करून पाहिलं. सुरेख. स्वेटरला बटणं नव्हती, हातात घड्याळ नव्हतं, मागे एक अक्षर नव्हतं. कुणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. भाऊजी एका लांबच्या कामावर गेले होते. त्यांना मी विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील ते मला माहीत होतं.

थोरलीला दाखवलं तर तिनं चित्र डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाली, "हीच मी. इतर फोटोंत मी मला कधी माझ्यासारखी वाटत नाही. यात वाटते." माझा जीव भांड्यात पडला. कंपनीच्या माणसानं हात गोल फिरवला आणि म्हणाला, "आली बघा भावना!"

अल्बम निघाला. लोकांनी गाण्यांचं कौतुक केलं, कव्हरचंही केलं. भाऊजी परत आले, त्यांनी बस स्टॉपवरचं पोस्टर पाहिलं आणि तडक माझ्या टेबलाशी आले.

"वहिनी, उलटा केलात."

"कुणाला कळतंय?"

"बघा बुवा," ते म्हणाले आणि चहा न पिताच वर गेले. त्यांचं असं न भांडता जाणं मला जास्त लागलं.

थोरली अधूनमधून फोन करायची. आधी इकडचं-तिकडचं बोलायची, मग विचारायची, "तुमच्याकडे काही कळलं का हो? कुणी काही म्हणालं?" मी म्हणायची, सगळे छान म्हणतायत. ती म्हणायची, "हो का," आणि ठेवून द्यायची. सगळ्यांचं तिला काही पडलेलं नव्हतं. एकदा म्हणाली, "तिच्या घरासमोर पोस्टर लागलंय. पाहिलं नसेल असं होणार नाही. म्हणजे पाहिलं आणि तरी केला नाही." तो आवाज ऐकून मला वाईट वाटलं. मी असल्या गोष्टी मनाला लावून घेत नाही, पण वाटलं.

मग एका दुपारी, जेवण उरकून मी टेबल पुसत होते, तेव्हा दार न वाजवता एक बाई आत आली. थोरलीपेक्षा ठेंगणी, अंगानं भरलेली, पण कणा तसाच ताठ. मी लगेच ओळखलं.

"हे तुम्ही केलंत?" तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. नखाएवढं कव्हर.

"हो. बसा ना."

"बसायला आले नाही. तिनं तुम्हाला सांगितलं असं करायला? माझ्या जागी उभं करा म्हणून?"

मला काही उलगडेना. तिनं माझ्या मागच्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिथं जुने अल्बम उभे करून ठेवलेत, त्यांत त्या दोघींचेही. "काढा त्यातलं कुठलंही. बघा कोण कुठे आहे."

मी एक काढला, दुसरा काढला. सगळ्यांत थोरली डावीकडे आणि धाकटी उजवीकडे.

"कळलं?" धाकटी म्हणाली. "आधी म्हणाली मी नुसती सोबतीला. आता माझी जागाही घेतली. वर ते कोपर! माझ्या जागेवर उभी राहून मला चिडवतेय. घरातून बाहेर पाऊल टाकलं की समोर तेच पोस्टर. पडदे लावून बसते मी."

तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले. माफी म्हणून आम्ही जे पाठवलं होतं ते तिच्या दारात शिवी होऊन लागलं होतं, आणि ती शिवी माझ्या एका बोटानं घातलेली होती. मी म्हटलं, "तसं नाहीये ते. थांबा, मोठं दाखवते." आणि कपाटामागून कव्हरची मोठी प्रत काढून टेबलावर टाकली.

तिनं ती रागानंच पाहिली. मग वाकली. मग चष्मा लावला.

"ही खूण इकडे कशी?"

"कुठली?"

"भुवईतली. ती डाव्या भुवईत आहे. इथं उजव्या भुवईत दिसतेय."

मी उगाच म्हटलं, "तुम्हाला नक्की आठवतंय?"

"अहो, झोपाळ्याची फळी मीच ढकलली होती," धाकटी म्हणाली. "ती खूण मी केलेली आहे. कुठे आहे ते तिला नका विचारू, मला विचारा."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. निळी पट्टी, कापला जाणारा हात, एक बटण. थोरलीला काही माहीत नाही हेही सांगितलं. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. मी मूळ फोटो उघडला आणि पडदा तिच्याकडे वळवला. थोरली डावीकडे, तिच्या नेहमीच्या ठिकाणी. उजवा अर्धा कोरा.

धाकटी त्या कोऱ्या अर्ध्याकडे बघत राहिली.

"असं उभं राहायला तुम्ही सांगितलंत?"

"नाही हो. आम्ही मध्ये लाल पट्टी चिकटवली होती. त्या सारख्या सरकत होत्या. शेवटी दमून आम्ही पट्टी काढली."

"आणि हे कोपर?"

"तेही खाली घ्यायला सांगितलं होतं. घेईनात."

धाकटीनं चष्मा काढला आणि डोळे पुसले, उघड उघड, रुमाल शोधत न बसता. "गाणं सुरू व्हायच्या आधी ती मला कोपर मारायची," ती म्हणाली. "हळूच, लोकांना दिसणार नाही असं. कोपर लागलं की मी श्वास घ्यायचा, आणि मग दोघींनी एकदम सूर लावायचा. मी कधी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती."

तेव्हा कुठे मला कळलं की मी काय छापलंय. मी फक्त मोकळी जागा पाहिली होती. थोरली त्या जागेत उभ्या असलेल्या माणसाला श्वास घ्यायची खूण करत होती, आणि मी त्या खुणेला उभं राहण्याची सवय समजून बसले होते.

"दुरुस्त करा हे," धाकटी म्हणाली.

"त्यांना विचारल्याशिवाय नाही करता येणार. तुम्ही फोन करता?"

"मी नाही करणार. तुमची चूक, तुम्ही करा."

बरोबरच होतं. मी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. थोरलीनं पहिल्याच रिंगला उचलला.

"काही कळलं का?"

मी तिला सगळं सांगितलं. फोटो मी उलटा छापलाय, त्यामुळे तुम्ही उजवीकडे दिसताय. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण ती रागावली नाही. घाबरल्यासारख्या आवाजात म्हणाली, "म्हणजे मी तिच्या जागेवर उभी आहे? आणि ती हे रोज बघतेय?"

मी धाकटीकडे पाहिलं. तिनं जोरजोरात मान हलवली, मी इथं आहे हे सांगू नका म्हणून. मी गप्प राहिले. मला खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं.

"ऐकताय ना?" थोरली म्हणाली. "काहीतरी करा हो. तिला वाटेल मी..." आणि ती मुसमुसायला लागली.

धाकटीनं मोठा श्वास घेतला. बोलायला घेतला की रडू आवरायला, मला सांगता येणार नाही. खोल, पोटातून घेतलेला.

पलीकडचं मुसमुसणं एकदम थांबलं.

"छोटे?" थोरली म्हणाली.

धाकटीनं श्वास तसाच धरून ठेवला.

"श्वास घेतलायस," थोरली म्हणाली. "आता सोड की."

"फोटो उलटा आहे," धाकटी म्हणाली. इतक्या वर्षांनी बहिणीशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

"मला तर अगदी बरोबर वाटला गं."

"वाटणारच! जन्मभर आरशातच बघत आलीस. बाकी कुणाकडे पाहिलंस कधी?"

"नाही पाहिलं," थोरली म्हणाली. "चुकलं माझं."

धाकटी यावर काहीतरी खरमरीत बोलणार होती, तोंड तसं झालं होतं तिचं. पण समोरून वाद आलाच नाही, त्यामुळे तिची पंचाईत झाली. शेवटी म्हणाली, "सर्दी झालीय का तुला? आवाज बसलाय." मग दोघी औषधांवर घसरल्या. मी उठून चहा टाकला. तो उकळून गार झाला तरी त्यांचं संपेना.

फोन ठेवल्यावर मी धाकटीसमोरच दुरुस्ती करायला बसले. छापलेल्या प्रतींचं आता काही होण्यासारखं नव्हतं, पण फोनवरचं कव्हर आणि तिच्या घरासमोरचं पोस्टर बदलता येणार होतं. बटण दाबलं. थोरली डावीकडे गेली आणि निळी पट्टी पुन्हा तिच्या हातावर येऊन बसली. बाहेरचा हात कोपरातून कापला गेला.

"हे असं होतं," मी म्हटलं. "म्हणून तर मी तो उपद्व्याप केला. ही पट्टी हलत नाही, आणि हिच्यामुळे कोपर जातं."

धाकटी पुढे वाकली आणि दोन्ही हात नीट पाहिले.

"जाऊ दे की," ती म्हणाली. "ते बाहेरचं कोपर आहे. त्याचा मला काय उपयोग? आतलं तेवढं ठेवा."

मी आतलं ठेवलं. नखाएवढं करून पाहिलं तर ते अजिबात दिसत नव्हतं. तसंच पाठवून दिलं.